वीस रुपये कुठवर आले?

शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची गोष्ट वऱ्हाडात लहानपणीच कानावर पडते. एलिचपूरच्या, म्हणजे आजच्या अचलपूरच्या, ईल राजाला त्वचेचा रोग जडला होता. एका जलाशयाच्या पाण्याने तो बरा झाला आणि त्या पाण्यात पार्श्वनाथाची मूर्ती असल्याचा त्याला दृष्टान्त झाला. मूर्ती गाडीवर ठेव, तू पुढे चाल, ती मागून येईल, फक्त मागे वळून पाहू नकोस, एवढी अट होती. राजा निघाला. मागे वजनाची चाहूल लागेना. शिरपुराशी आल्यावर त्याला राहवलं नाही. येतेय ना, म्हणून त्याने वळून पाहिलं आणि मूर्ती जिथल्या तिथे अधांतरी थांबली. गाडी कशाची होती, तिला काय जुंपलं होतं, हे सांगणाऱ्यागणिक बदलतं. राजाची शंका मात्र सगळ्यांच्या तोंडी तीच असते. मूर्तीखालून कापड सरकवता येतं, असं भाविक आजही सांगतात. मालकीच्या वादात १९८१ पासून कुलूपबंद असलेलं हे मंदिर सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर २०२३ साली उघडलं.

राजाची ती शंका आता गावातल्या कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येते. गिऱ्हाईक क्यूआर कोड स्कॅन करतं, दोन कट चहाचे वीस रुपये पाठवतं आणि हिरवी खूण दाखवत म्हणतं, "गेले जी पैसे." टपरीवाला पैसे आल्याचं बोलून सांगणाऱ्या डब्याकडे पाहतो. "डब्बा तं बोललाच नाई न भाऊ."

एकाचे गेले आणि दुसऱ्याला आले नाहीत. मग या घटकेला ते वीस रुपये आहेत कुठे? प्रश्न साधा वाटतो, पण जगातल्या फार हुशार माणसांचं अख्खं आयुष्य याच प्रश्नात जातं. त्यांच्या धंद्यात याला नेटवर्क व्हिजिबिलिटी म्हणतात: आपल्या मालकीच्या, भाड्याच्या आणि परक्या यंत्रांतून जाणारी वाहतूक दिसत राहावी, यासाठी करायची सगळी खटपट.

आधी वाट पाहू. फोनमधून निरोप रेडिओलहरींवर टॉवरपर्यंत जातो आणि पुढे कुठेतरी काचेच्या तंतूत शिरतो. काचेत प्रकाशाचा वेग सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर. शिरपूर ते मुंबई हवाई अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे सरळ तंतू टाकला तर अडीच मिलिसेकंदांत मुंबई. पापणी लवायला याच्या चाळीसपट तरी वेळ लागतो. प्रत्यक्षात तंतू रस्त्यांच्या कडेने वळत-वळत जातो, वाटेत यंत्रं लागतात, तरी काही मिलिसेकंदांची वाढ सोडली तर फारसा फरक पडत नाही.

खरा गुंता पोहोचल्यावर सुरू होतो. निरोप ॲपच्या कंपनीकडे जातो. तिथून तिच्या भागीदार बँकेमार्फत नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनकडे, म्हणजे एनपीसीआयकडे. एनपीसीआय गिऱ्हाइकाच्या बँकेला सांगते, वीस रुपये वजा कर. ती हो म्हणाली की टपरीवाल्याच्या बँकेला सांगते, जमा कर. मग होकार उलट पावली परत येतो. या साखळीतला प्रत्येक दुवा वेगळ्या छपराखाली असू शकतो. एनपीसीआयची स्वतःची डेटा सेंटर आहेत. बँकेचं मूळ खातेपुस्तक, ज्याला बँकवाले कोअर म्हणतात, सहसा बँकेच्या किंवा तिच्या सेवादाराच्या डेटा सेंटरमध्ये असतं. त्याच बँकेचं मोबाइल ॲप एका कंपनीच्या क्लाउडमध्ये आणि फसवणूक ओळखणारी यंत्रणा दुसऱ्याच कंपनीच्या क्लाउडमध्ये असणं आता नवलाचं नाही. स्वतःची यंत्रं आणि भाड्याची यंत्रं एकत्र नांदली की त्याला हायब्रिड म्हणायचं. भाड्याची घरं दोन-तीन मालकांकडे असली की मल्टिक्लाउड.

आणि हे क्लाउड अगदी जमिनीवर आहेत. मायक्रोसॉफ्टने २०१५ साली भारतातली पहिली यंत्रघरं उभारली, त्यातलं एक पुण्यात. ॲमेझॉन २०१६ मध्ये मुंबईत आली, गूगल २०१७ मध्ये, तीही मुंबईत. देशातल्या पेमेंटची माहिती देशातच साठवायची, असा आदेश रिझर्व्ह बँकेने एप्रिल २०१८ मध्ये काढला, तेव्हा ही यंत्रघरं इथे तयार होती. इमारतींचे पत्ते मात्र या कंपन्या चारचौघांत सांगत नाहीत. ॲमेझॉनची एक गंमत तर मला फार आवडते. मुंबईत तिचे तीन वेगळे विभाग आहेत, ए, बी आणि सी अशा नावांचे. पण ती नावं अनेक वर्षं ग्राहकागणिक फिरवून दिली जात. तुमचा 'ए' म्हणजे माझा 'सी' असू शकायचा. सगळ्यांनी पहिलाच विभाग निवडून तिथे गर्दी करू नये, म्हणून केलेली ही युक्ती. शेवटी विभागांना सगळ्यांसाठी समान असा वेगळा क्रमांक द्यावा लागला, कारण दोन ग्राहकांना आपण एकाच छपराखाली आहोत की नाही, हेच कळेना.

छप्पर तर झाकलेलंच असतं, आतला पत्ताही फसवा निघतो. १९९६ साली ठरलेल्या नियमानुसार दहाने सुरू होणारे सगळे इंटरनेट पत्ते, सुमारे १ कोटी ६७ लाख, खासगी वापरासाठी मोकळे आहेत. ज्याने त्याने आपल्या कुंपणाच्या आत ते हवे तसे वापरावेत. त्यामुळे १०.०.३.१४ हा पत्ता बँकेच्या डेटा सेंटरमध्ये एका यंत्राचा असतो, पुण्यातल्या क्लाउडमध्ये दुसऱ्याचा आणि मुंबईत तिसऱ्याचा. निरोपाचं पॅकेट कुंपण ओलांडताना वेशीवरचं यंत्र त्याचा पत्ता बदलतं. पुढच्या वेशीवर तो पुन्हा बदलतो. क्लाउडच्या आत तर अख्खं पॅकेट दुसऱ्या पॅकेटात घालून पाठवतात, आणि बाहेरच्या पॅकेटावर असतो खऱ्या, लोखंडी यंत्राचा पत्ता, जो ग्राहकाला कधीच दिसत नाही. भरीला आतला मजकूर कुलूपबंद. टॉवरवाल्या कंपनीला एवढंच कळतं की अमक्या फोनवरून तमक्या दिशेला काही बाइट गेले. वीस रुपये की वीस हजार, हे तिच्या नजरेपलीकडे.

थोडक्यात, वाट पुरती पाहू शकेल असं कोणीही नाही. वाट दिसते ती ठिकठिकाणी उमटलेल्या खुणा जोडून.

या खुणा गोळा करायच्या दोन जुन्या युक्त्या अजून तितक्याच कामाच्या आहेत. पहिली पिंग. डिसेंबर १९८३ मध्ये अमेरिकी लष्कराच्या प्रयोगशाळेतल्या माइक मूस यांनी, नेटवर्कच्या एका विचित्र दुखण्याचा माग काढताना, एका संध्याकाळीच हा छोटा प्रोग्रॅम लिहून काढला. 'आहेस का' एवढंच विचारायचं आणि 'आहे' यायला किती वेळ लागला ते मोजायचं. पाणबुडीच्या सोनारवरून नाव ठेवलं पिंग. आज तुमच्या घरचं वायफाय बिघडलं की तंत्रज्ञ सगळ्यात आधी जे टाइप करतो, ते हेच.

दुसरी युक्ती मला पहिल्यांदा कळली तेव्हा मी हातातलं काम सोडून हसलो होतो. इंटरनेटवरच्या प्रत्येक पॅकेटावर एक आकडा लिहिलेला असतो, टीटीएल. पॅकेट एखाद्या राउटरमधून गेलं की तो आकडा एकने कमी होतो. शून्य झाला की राउटरने ते पॅकेट टाकून द्यायचं आणि पाठवणाऱ्याला कळवायचं, की तुझं पॅकेट माझ्याकडे संपलं. वाट चुकलेली पॅकेटं जन्मभर गोल फिरत राहू नयेत, म्हणून केलेली ही तजवीज. व्हॅन जेकबसन यांनी १९८०च्या दशकाच्या अखेरीस हीच तजवीज उलटी वापरली. आधी 'एक' हा आकडा लिहून पॅकेट सोडायचं. ते पहिल्याच राउटरवर संपतं आणि तो राउटर आपल्या पत्त्यासकट खबर देतो. मग दोन लिहून सोडायचं, दुसरा राउटर बोलतो. मग तीन. मुद्दाम अपुऱ्या आयुष्याची पॅकेटं पाठवायची आणि ती कुठे-कुठे संपली यावरून रस्त्याचा नकाशा काढायचा! या प्रोग्रॅमचं नाव ट्रेसराउट. त्यासाठी राउटरला नवं काहीच शिकवावं लागलं नाही.

क्लाउडच्या वेशीशी मात्र ट्रेसराउट अडखळतो. पत्त्यांऐवजी पडद्यावर चांदण्या उमटू लागतात. ज्या राउटरने उत्तर दिलं नाही, त्याच्या जागी एक चांदणी. पॅकेट तिथून गेलेलं असतं, पण मालकाने राउटरला गप्प राहायला सांगितलेलं असतं.

मग क्लाउडवाल्याकडेच हिशेब मागावा लागतो. ॲमेझॉनने २०१५ मध्ये ही सोय दिली, इतरांनीही दिली. त्याला फ्लो लॉग म्हणतात. त्यातली एक ओळ जवळून पाहण्यासारखी असते: १०.०.३.१४, १०.०.७.२२, ४९७६१, ४४३, ६, २०, ४२४९, मग दोन लांबलचक आकडे आणि शेवटी 'ॲक्सेप्ट'. वाचायला शिकलं की ही ओळ बोलू लागते. पहिल्या पत्त्याच्या यंत्राने दुसऱ्याशी संपर्क केला. ४४३ म्हणजे दार कुलूपबंद वेब संभाषणाचं. ६ म्हणजे पोच घेऊन बोलण्याची, टीसीपी नावाची रीत. २० पॅकेटं, ४२४९ बाइट. लांबलचक आकडे म्हणजे सुरुवातीची आणि शेवटची वेळ, १ जानेवारी १९७० पासून मोजलेल्या सेकंदांत. आणि फायरवॉलने जाऊ दिलं. काय बोलणं झालं ते नाही. कोण, कोणाशी, कधी, किती, एवढंच. पण यावरूनही खूप कळतं. रोज रात्री दोन वाजता हिशेबाच्या यंत्राशी बोलणारं यंत्र एखाद्या दिवशी दुपारी परदेशातल्या पत्त्याशी बोललं, तर आतला मजकूर न वाचताही कान टवकारावेत.

अडचण अशी, की ही ओळ प्रत्येकाची वेगळी. ॲमेझॉन नेहमीच्या मांडणीत दहा-दहा मिनिटांची बेरीज करून लिहिते, म्हणजे आपला काही सेकंदांत आटोपलेला चहाचा व्यवहार त्या दहा मिनिटांच्या गठ्ठ्यात विरघळून जातो. गूगल सगळी पॅकेटं मोजत नाही, नमुन्यादाखल काही उचलते. मायक्रोसॉफ्टची मांडणी तिसरीच. बँकेच्या डेटा सेंटरमधले जुने राउटर आपली नोंद आणखी चौथ्या तऱ्हेने ठेवतात. आणि दोन क्लाउडच्या मधली जी भाड्याची वाहिनी असते, तिच्या आत काय घडलं याची नोंद दोघांच्याही वहीत नसते. ही सगळी बाडं एका भाषेत आणून एकाशेजारी एक लावणं, हे या धंद्यातलं सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात मोलाचं काम. डॅशबोर्डवर रंगीत आलेख सरकताना पाहून साहेब लोक खूश होतात. त्यामागे कोणीतरी आठवडेच्या आठवडे रकाने जुळवत बसलेलं असतं.

रकाने जुळले तरी घड्याळं जुळली पाहिजेत. एका यंत्राचं घड्याळ दोन सेकंद मागे असलं, तर नोंदींत उत्तर आधी आणि प्रश्न नंतर दिसतो. चोरी आधी, दार फोडणं मागाहून! देशातल्या संगणक सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट-इनने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत म्हणूनच घड्याळाचा मुद्दा घातला आहे: आपापली घड्याळं नॅशनल इन्फर्मेटिक्स सेंटरच्या किंवा दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवून ठेवा. नोंदी १८० दिवस सांभाळा. घटना लक्षात आल्यावर सहा तासांत कळवा. पहिल्या अटीवाचून उरलेल्या दोन्ही लंगड्या.

आणखी एक खूण तुमच्या-आमच्या फोनमध्येच असते. यूपीआयचा कुठलाही जुना व्यवहार उघडा, १२ आकडी संदर्भ क्रमांक दिसेल. त्याचा पहिला आकडा सहसा वर्षाचा शेवटचा आकडा असतो आणि पुढचे तीन म्हणजे वर्षातला कितवा दिवस. ५१०२ने सुरू होणारा क्रमांक २०२५ सालच्या एकशेदोनाव्या दिवसाचा, म्हणजे १२ एप्रिलचा. हा क्रमांक साखळीतल्या सगळ्यांच्या वहीत एकच असतो. पत्ते बदलले, पॅकेटात पॅकेट गेलं, क्लाउड बदलला, तरी तो बदलत नाही. मोठ्या सॉफ्टवेअरच्या आतही हीच रीत आहे. एका विनंतीला वेशीवरच क्रमांक द्यायचा आणि ती पुढे जिथे-जिथे जाईल तिथे तोच मिरवायचा. गूगलने डॅपर नावाच्या आपल्या अशा यंत्रणेवर २०१० मध्ये निबंध छापला आणि सगळ्या जगाने ती कल्पना उचलली. आता वेगवेगळ्या कंपन्यांच्या सॉफ्टवेअरने हा क्रमांक एकमेकांना कसा द्यायचा याचं जागतिक प्रमाणही ठरलेलं आहे.

वह्या जुळवणं किती गरजेचं, हे पुण्याने २०१८ मध्ये महागात शिकलं. १९०६ साली स्थापन झालेल्या कॉसमॉस सहकारी बँकेवर ११ ऑगस्टला, शनिवारी, हल्ला झाला. एटीएममधून पैसे काढताना मागणी कार्ड कंपनीच्या जाळ्यातून बँकेच्या स्विच नावाच्या यंत्रणेकडे येते आणि स्विच कोअरला विचारतो, खात्यात पैसे आहेत का. चोरांनी मध्येच आपला खोटा स्विच उभा केला. मागणी आली की तो परस्पर 'मंजूर' म्हणायचा. कोअरपर्यंत प्रश्न गेलाच नाही. काही तासांत २८ देशांतल्या एटीएममधून पैसे निघाले, देशातही निघाले आणि त्यातले काही कोल्हापुरात. सोमवारी, १३ तारखेला, स्विफ्ट या बँकांच्या आंतरराष्ट्रीय निरोपजाळ्याच्या वाटेने आणखी १३ कोटी ९२ लाख हाँगकाँगला गेले. एकूण सुमारे ९४ कोटी. याचा विचार करताना मला सगळ्यात थक्क करतं ते हे, की प्रत्येक वही आपापल्या जागी स्वच्छ होती. कार्ड कंपनीच्या वहीत मंजूर व्यवहार. कोअरच्या वहीत काहीच नाही, कारण काही घडलंच नव्हतं. गडबड दिसणार होती ती फक्त दोन वह्या शेजारी ठेवल्यावर, आणि शनिवारी दुपारी त्या तशा ठेवायला फार उशीर झाला.

मग सारखंच पाहत राहिलं तर? दर सेकंदाला सगळ्यांना विचारत राहिलं तर? इथे गोष्टीतला राजा आठवतो.

१२ एप्रिल २०२५, पुन्हा शनिवार. देशभर यूपीआय काही तास रखडलं. त्या महिन्यात रोज साठ कोटींच्या आसपास व्यवहार होत होते; ते अडले म्हणजे टपरीपासून पेट्रोल पंपापर्यंत सगळं अडलं. एनपीसीआयने शोध घेतला तेव्हा जे निघालं ते ऐकून कोणीही चक्रावेल. एखादा व्यवहार लोंबकळला, की बँकेची यंत्रणा एनपीसीआयला विचारते, त्याचं पुढे काय झालं? ही चौकशीची सोय आहे, चेक ट्रान्झॅक्शन नावाची. त्या दिवशी काही बँकांकडून या चौकश्यांचा असा पूर आला, की त्याखाली व्यवहारच मंदावले. जुन्या व्यवहारांबद्दलही पुन्हापुन्हा विचारणा चालू होती. पैसे येतायत ना, हे पाहायला वळलेल्या नजरेनेच पैसे थांबवले. राजाने निदान एकदाच वळून पाहिलं होतं.

यात कोणाचा दुष्टपणा नव्हता. यंत्राला उत्तर वेळेत मिळालं नाही तर ते पुन्हा विचारतं, कारण त्याला तसंच शिकवलेलं असतं. उत्तर उशिरा येतं म्हणून पुन्हा प्रश्न, प्रश्न वाढले म्हणून उत्तराला आणखी उशीर, म्हणून आणखी प्रश्न. अभियंते याला रिट्राय स्टॉर्म म्हणतात. त्यावरचा उतारा १९७०च्या दशकापासून, इथरनेट या जाळ्याच्या जन्मापासून माहीत आहे: पहिल्या अपयशानंतर थोडं थांब, दुसऱ्यानंतर दुप्पट, तिसऱ्यानंतर चौपट. आणि त्यात थोडी मनमानी मिसळ, नाहीतर सगळे एकाच क्षणी थांबतील आणि एकाच क्षणी पुन्हा दार ठोठावतील. औषध पन्नास वर्षांचं जुनं, पण प्रत्येक पिढीला ते स्वतः ठेच लागल्यावरच आठवतं. मला तर वाटतं, नवं सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला आधी हे पाठ म्हणून दाखवायला लावावं आणि मगच कीबोर्ड हातात द्यावा.

एनपीसीआयने पुढच्या आठवड्यांत नियम आवळले. व्यवहार झाल्या-झाल्या चौकशी नाही, आधी थोडी वाट पाहायची. एका व्यवहाराबद्दल दोन तासांत जास्तीत जास्त तीनदा विचारायचं. ग्राहकालाही मर्यादा आली: १ ऑगस्ट २०२५ पासून एका ॲपवर दिवसाला पन्नास वेळाच शिल्लक पाहता येते. वर्तमानपत्रांत याच्या गमतीदार बातम्या आल्या, दिवसातून पन्नासदा शिल्लक पाहणारा हा कोण महाभाग, असं लोक विचारू लागले. पण कित्येक चौकश्या माणूस करतच नाही, ॲपच आपल्या आपण करतं. त्याच ऑगस्ट महिन्यात यूपीआयने प्रथमच दोन हजार कोटी व्यवहारांचा टप्पा ओलांडला.

पाहणाऱ्याचं ओझं पाहिल्या जाणाऱ्यावर पडू नये, हा विचार एकदा डोक्यात आला की या क्षेत्रातल्या बऱ्याच करामतींचा अर्थ लागतो. डॅपरने सुरुवातीला दर १०२४ विनंत्यांमागे एकीचाच माग ठेवला होता, आणि गूगलच्या पसाऱ्यात तेवढं पुरत होतं; जे दुखणं खरं असतं ते पुन्हापुन्हा घडतं आणि कधीतरी नमुन्यात सापडतंच. लिनक्स या संगणकप्रणालीच्या गाभ्यात २०१४ पासून ईबीपीएफ नावाची सोय आली आहे. चालू यंत्राच्या पोटात एक चिमुकला प्रोग्रॅम सोडायचा आणि प्रत्येक पॅकेट आत-बाहेर जाताना तिथल्या तिथे मोजायचं. पण सोडण्याआधी गाभा त्या प्रोग्रॅमची कसून तपासणी करतो. हा नक्की संपेल ना? नको त्या स्मृतीला हात लावणार नाही ना? खात्री पटली नाही तर आत घेतच नाही. परक्या क्लाउडमध्ये भाड्याच्या यंत्रावर बसूनही स्वतःच्या डोळ्यांनी पाहायची ही सध्याची सगळ्यात देखणी तऱ्हा आहे.

पाहण्याचा आणखी एक उपयोग म्हणजे वेळेवर दोर कापता येणं. जुलै २०२४ च्या अखेरीस सी-एज टेक्नॉलॉजीज या सेवादार कंपनीच्या काही यंत्रणांवर खंडणीखोर सॉफ्टवेअरचा हल्ला झाला. सहकारी आणि ग्रामीण बँकांना ही कंपनी तंत्रसेवा पुरवते. एनपीसीआयने ३१ जुलैला तिला पेमेंटच्या जाळ्यापासून अलग केलं आणि तपासणी झाल्यावर दुसऱ्या दिवशी पुन्हा जोडलं. जवळपास तीनशे लहान बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार तेवढा काळ अडले, पण संसर्ग जाळ्यात पसरला नाही. नेमका कोणता दोर कापायचा हे कळलं नसतं, तर एक तर सगळं बंद करावं लागलं असतं किंवा काहीच करता आलं नसतं.

आणि टपरीवरचा तो डबा? त्याची वाट मुळातच निराळी. त्याच्या पोटात स्वतःचं सिम असतं. पैसे जमा झाल्याची खबर ॲप कंपनीच्या सर्व्हरवरून वेगळ्या रस्त्याने, बहुधा वेगळ्या टॉवरवरून त्याच्याकडे येते. पैसे खात्यात पडले आणि डबा गप्प, असं होऊ शकतं. सिमला रेंज नसली की झालं. गिऱ्हाइकाच्या पडद्यावरची हिरवी खूण मात्र बनावट ॲपवरूनही दाखवता येते, म्हणून टपरीवाला पडद्यापेक्षा डब्यावर विश्वास ठेवतो. दोन स्वतंत्र वाटांनी आलेल्या खबरा पडताळून पाहायच्या, आणि त्यातही समोरच्याच्या हातात नसलेल्या वाटेला जास्त मान द्यायचा, हे तो कुठल्याही कोर्सवाचून करतो.

यंत्रांची प्रकृती समजायला हजारातला एक नमुना पुरतो, पैशाला मात्र पुरत नाही. पैशाच्या हिशेबात दर हजारी एक बरोबर निघून भागत नाही, प्रत्येक वीस रुपये सापडावे लागतात. म्हणून सगळ्या आलेखांच्या आणि फ्लो लॉगच्या पलीकडे बँकांचं एक जुनंच काम रोज चालतं: एनपीसीआयची यादी आणि आपली वही त्या १२ आकडी क्रमांकावर एकेक ओळ जुळवायची, आणि अधांतरी राहिलेले व्यवहार वेगळे काढायचे. त्यालाही मुदत आहे. रिझर्व्ह बँकेच्या सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकानुसार, खात्यातून पैसे गेले आणि दुकानदाराला त्याची खात्री मिळाली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते आपोआप परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला की ग्राहकाला दर दिवसाला १०० रुपये भरपाई, आणि तीही त्याने तक्रार करण्याची वाट न पाहता. रक्कम किती अडकली होती याच्याशी त्या शंभराचा संबंध नाही; दोन कट चहाचे वीस रुपये सहाव्या दिवशीही सापडले नाहीत, तरी दर तोच.